कुठल्या मिटिंगला जायचं?

"ताई, दारू सोडायचं औषध हाय का? चहातनं देता येतं म्हणत्यात. त्यास्नी कळाय नको."

अकलूजमधल्या माझ्या मेडिकलच्या काउंटरवर हा प्रश्न सारखा येतो. विचारणारी बहुतेक वेळा बाई असते. दुकानात गिऱ्हाईक नाही अशी वेळ साधून येते, आधी डोकेदुखीची गोळी घेते, पैसे देते आणि निघता निघता विचारते. मी तिला स्टूल देते आणि स्पष्ट सांगते, की असं औषध चोरून द्यायचं नसतं. डायसल्फिराम नावाची गोळी आहे. ती पोटात असताना माणूस प्यायला, तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब खाली येतो. हृदय कमजोर असेल तर जीव जाऊ शकतो. गोळी बंद केली तरी तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत अंगात राहतो. म्हणून ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि घेणाऱ्याला सगळं समजावूनच द्यायची असते. माहीत नसलेल्या माणसाच्या चहात ती घालणं म्हणजे त्याच्यावर विषप्रयोग करण्यासारखंच आहे.

दुसरी गोष्टही मी तिथेच सांगते. रोज सकाळपासून पिणाऱ्याची दारू एका दिवसात घरच्या घरी तोडू नका. नवस बोलून, खोलीत कोंडून, शपथा घालून हा प्रकार आपल्याकडे सर्रास होतो. दारू तुटल्यावर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास हातपाय थरथरणं, भास होणं, माणसं न ओळखणं सुरू होऊ शकतं. 'बाधा झाली' म्हणून अशा माणसाला मांत्रिकाकडे नेलेलं मी पाहिलं आहे. त्याची जागा दवाखान्यात असते. तिथे औषधं देऊन आणि ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देऊन हे दिवस सुरक्षित पार पाडता येतात.

एवढं ऐकल्यावर बाई विचारते, "आणि मग? त्यानंतर?"

त्यानंतर मिटिंग. हा लेख त्या मिटिंगबद्दल आहे. ती कुठे असते, कशी असते आणि बऱ्याच मिटिंगांमधून आपल्या माणसाला लागू पडणारी कशी निवडायची, याबद्दल. मला हे कळलं ते माझ्या थोरल्या भावामुळे. दादाची परवानगी घेऊन लिहिते आहे, पण त्याचं नाव लिहिणार नाही. तो ज्या गावांतल्या मिटिंगांना गेला त्या गावांची नावंही लिहिणार नाही. तिथे बसणाऱ्या बाकीच्यांची परवानगी माझ्याकडे नाही.

दादाचा धंदा ऊस वाहतुकीचा. गळीत हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर रात्रंदिवस कारखान्याच्या रांगेत. त्या रांगेतल्या थंडीत दारू कशी आत शिरते आणि पुढे हंगाम संपला तरी कशी जात नाही, हे आमच्या भागातल्या पुष्कळ घरांना सांगायची गरज नाही. दादा व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला. तब्येत सुधारली, जेवण जायला लागलं. घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी, साडेसहा-सातच्या सुमाराला, तो ओट्यावर येरझाऱ्या घालायला लागला. जुन्या मित्रांची गाडी दारावरून जायची वेळ ती. केंद्रातून निघताना त्याला मिटिंगांची एक यादी दिलेली होती. पण त्यातून निवडायचं कसं, हे त्या कागदावर लिहिलेलं नव्हतं.

मिटिंग म्हणजे काय, ते आधी सांगते. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे ए.ए., ही चळवळ १९३५ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या अॅक्रन शहरात सुरू झाली. बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातला माणूस कामासाठी तिथे आला होता. दारू सोडून त्याला काही महिने झाले होते. हातातलं काम फिसकटलं आणि हॉटेलात एकटा असताना त्याला प्यावंसं वाटायला लागलं. त्याने बारकडे न जाता चर्चच्या लोकांना फोन लावायला सुरुवात केली. एखादा पिणारा माणूस गाठून द्या, मला त्याच्याशी बोलायचं आहे, अशी त्याची मागणी होती. त्यातून गाठ पडली डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी. डॉक्टर पंधरा मिनिटं बसतो म्हणून आले आणि दोघं काही तास बोलत राहिले. डॉ. बॉब यांनी शेवटचा घोट घेतला तो दिवस १० जून १९३५ मानतात, आणि ए.ए.चा जन्मही तोच धरतात. भारतात ही चळवळ १९५७ मध्ये आली.

मला या हकिकतीतली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. बिलने फोन केला तो स्वतःला वाचवण्यासाठी. समोरच्यावर उपकार करावे हा त्यात हेतू नव्हता. मिटिंगमध्ये जुना सभासद नव्या माणसाशी जीव तोडून बोलतो त्याचं कारण हेच, की त्या बोलण्यातून त्याचा स्वतःचा आजचा दिवस निघतो. म्हणून तिथे नव्या माणसाला कोणी खालच्या नजरेने बघत नाही.

मिटिंग तास-दीड तासाची असते. एक जण चालवतो. सुरुवातीला ए.ए. म्हणजे काय ते वाचून दाखवतात, प्रार्थना होते, मग एकेक जण बोलतो. याला सगळे 'शेअरिंग' म्हणतात. एक बोलत असताना दुसरा मध्ये बोलत नाही, सल्ला देत नाही. ज्याला बोलायचं नाही त्याने नाही बोललं तरी चालतं. फी नाही, फॉर्म नाही, हजेरी नाही. शेवटी थैली फिरते, तीत ज्याला जमेल त्याने टाकायचं. नव्याने टाकलंच पाहिजे असं नाही. सभासद व्हायला एकच अट असते, दारू सोडायची इच्छा. काही मिटिंगा 'ओपन' असतात, त्यांना घरच्यांना किंवा नुसतं बघायला आलेल्यालाही बसता येतं. 'क्लोज्ड' मिटिंग फक्त पिण्याचा त्रास असलेल्यांसाठी. पहिल्यांदा घरच्या माणसाला सोबत न्यायचं असेल तर ओपन कुठली ते फोनवर विचारून घ्यावं, नाहीतर दारातून परत फिरायची वेळ येते आणि नवा माणूस ते निमित्त धरून बसतो.

ए.ए.शिवाय आपल्या महाराष्ट्रात दुसरीही एक वाट आहे. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. पुलं आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीचा त्यात मोठा वाटा होता. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 'परिवर्तन' संस्था उभी केली. अशा केंद्रांतून उपचार घेतलेल्यांचे 'फॉलो-अप' गट असतात. त्यात बहुधा समुपदेशक बसलेला असतो, घरचेही येतात. ए.ए.मध्ये समुपदेशक नसतो, सगळे एकाच नावेतले. कुणाला जाणकार समोर असला की बरं वाटतं, कुणाला जाणकार समोर असला की तोंडच उघडत नाही. दादा दुसऱ्या जातीचा. साहेबांसारखा माणूस दिसला की तो 'सगळं ठीक आहे' म्हणून मोकळा होतो.

आता निवडीचं. आमच्यासारख्या गावात पहिली अडचण ओळखीची. अकलूज तसं मोठं आहे, बाजारपेठ आहे, लावणीच्या स्पर्धेला आणि घोड्यांच्या बाजाराला लांबून लोक येतात. पण इथे कुणाची मोटरसायकल कुणाच्या दारात उभी आहे हे संध्याकाळपर्यंत माहीत होतं. गंमत अशी, की गडी रस्त्यात पडलेला सगळ्या गावाने पाहिलेला असतो, तेव्हा त्याला काही वाटलेलं नसतं. मिटिंगच्या खोलीत शिरताना मात्र 'कोणी बघेल' म्हणून पाय अडतात. त्याला हसू नये. पिताना लाज दारूत बुडालेली असते, ती सोडल्यावर वर येते.

म्हणून माझं मत असं झालं आहे, की पहिल्या काही मिटिंगा गावाबाहेरच्या धराव्यात. अकलूज त्यासाठी सोयीचं आहे. नीरेचा पूल ओलांडला की सराटी आणि पुणे जिल्हा सुरू. इंदापूर, बारामती एका अंगाला, पंढरपूर दुसऱ्या, फलटण-सातारा तिसऱ्या. एसटी सगळीकडे जाते. परक्या गावात खरं बोलणं सोपं जातं, आणि सुरुवातीला खरं बोलणंच महत्त्वाचं. पण लांबची मिटिंग आयुष्यभर टिकत नाही. ट्रॅक्टर बिघडतो, पाहुणे येतात, शेवटची गाडी चुकते. एक आठवडा हुकतो, मग दुसरा. तेव्हा तीन-चार महिन्यांत थोडं बळ आलं की जवळची जागा शोधावी, आणि अधूनमधून लांबच्या गटालाही जाऊन यावं.

दादा पहिल्या मिटिंगवरून आला तो तोंड पाडून. "सगळी रिटायर झालेली माणसं. बँकेतली, शाळेतली. माझ्यासारखा एक नाही." पुढच्या खेपेला त्याने दुसरा गट पाहिला. तिथे बारा पायऱ्यांचं, म्हणजे ए.ए.च्या वाटेवरच्या बारा टप्प्यांचं, पुस्तक घेऊन एकेक ओळ वाचत होते. त्याला पहिल्या पानावरच डुलकी आली. तिसऱ्या ठिकाणी एक ट्रकवाला बोलला. टोलनाक्याच्या पुढे कुठल्या ढाब्यावर गाडी आपोआप वळायची आणि आता तिथून जाताना तो बायकोला फोन लावून बोलत कसा पुढे जातो, एवढंच त्याने सांगितलं. घरी आल्यावर दादाने ते मला सगळं पुन्हा सांगितलं, हातवारे करून. तेव्हा वाटलं, जागा सापडली.

ए.ए.तले जुने लोक नव्याला हेच सांगतात, की एका मिटिंगवरून ठरवू नकोस, पाच-सहा वेगवेगळ्या बघ. प्रत्येक गटाचा स्वभाव वेगळा असतो. कुठे एकच जण सगळं आयुष्य सांगतो, कुठे वाचन, कुठे एखाद्या पायरीवर चर्चा. वेळ हा तर निम्मा निकाल असतो. कारखान्यात पाळीवर असणाऱ्याला संध्याकाळी सातची मिटिंग दर आठवड्याला जमत नाही. आणि ज्याला संध्याकाळीच तलफ येते त्याला सकाळची मिटिंग कितीही चांगली असली तरी सात वाजता कोण सांभाळणार?

मी कुणाला मिटिंगला पाठवते तेव्हा परत आल्यावर एवढंच विचारते: मिटिंग संपल्यावर तुमच्याशी कोणी येऊन बोललं का? कोणी स्वतःहून फोन नंबर दिला का? ज्या गटात चहाच्या वेळी नवा माणूस भिंतीला टेकून एकटा उभा राहतो, तिथे पुन्हा जायला मन होत नाही. आणि दोन-चार तरी माणसं अशी हवीत ज्यांनी बरीच वर्षं दारूशिवाय काढली आहेत. त्यांच्यातूनच पुढे 'स्पॉन्सर' मिळतो, म्हणजे रात्री अकरा वाजता तलफ आली तर ज्याला उठवायचा हक्क आहे असा माणूस.

काही खुणा वाईटही असतात. कोणी पैसे मागितले, कोणी नव्या बाईच्या मागेमागे करायला लागला, खोलीतलं बोलणं बाहेर गेलं, तर तो गट सोडावा. औषधांच्या बाबतीत तर मला फारच राहवत नाही. 'आता तू सोबर आहेस, डोक्याच्या गोळ्या कशाला खातोस, त्याही सोड' असा सल्ला देणारा एखादा कुठेतरी भेटतो. ए.ए.च्या स्वतःच्या पुस्तिकेतच म्हटलं आहे, की कुठल्याही सभासदाने डॉक्टरची भूमिका घेऊ नये. नैराश्याची, फिटची औषधं अशी अचानक बंद केल्यावर काय होतं हे मला धंद्यामुळे माहीत आहे. गोळ्यांचा निर्णय डॉक्टरांकडेच.

देवाबद्दलही लोक विचारतात. बारा पायऱ्यांत आपल्यापेक्षा मोठ्या शक्तीचा उल्लेख येतो, पण ती शक्ती कशी मानायची हे ज्याच्या त्याच्यावर सोडलेलं आहे. देव न मानणारे कित्येक जण तिथे 'गट हीच ती शक्ती' असं धरून बसतात. तेही जमत नसेल तर केंद्रांचे फॉलो-अप गट आहेतच.

आमच्याकडे मात्र देवाची अडचण उलटी असते. दर आषाढात तुकोबांची पालखी नीरा ओलांडून अकलूजला येते, रिंगण होतं, आणि त्या गर्दीत कित्येक घरं आपल्या माणसाच्या गळ्यात माळ घालायचा निश्चय करतात. 'माळ घातली की सुटते' हे आमच्या भागातलं सर्वांत जुनं औषध. ते खोटं नाही. ज्यांची सुटली त्यांच्याकडे नीट पाहिलं तर दिसतं, की माळेबरोबर त्यांना दिंडी मिळाली, हरिपाठ मिळाला, सप्ताहात टाळ धरायला चार माणसं मिळाली. संध्याकाळ भरली. पण माळ घातलेला माणूस पुन्हा प्यायला तर त्याची पंचाईत होते. तो माळ काढून खुंटीला अडकवतो आणि लाजेने त्या माणसांकडे फिरकतच नाही. मिटिंगमध्ये 'स्लिप' झालेला माणूस दुसऱ्या दिवशी येऊन सांगू शकतो, काल प्यालो, आणि लोक त्याला खुर्ची देतात. परत यायची वाट ठरलेली आहे. दादाच्या गळ्यात आज माळही आहे आणि तो मिटिंगलाही जातो. त्याला त्या दोन्हींत भांडण दिसत नाही.

उपयोग होतो का, हे विचारणाऱ्यांसाठी: २०२० साली कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास, दहा हजारांहून जास्त माणसं, एकत्र तपासली. पूर्ण दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत माणसाला पद्धतशीरपणे ए.ए.कडे वळवणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांच्या बरोबरीचे किंवा सरस ठरले. आणि आपल्या देशाचं चित्र २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आहे. दारूच्या आहारी पूर्ण गेलेल्या ३८ जणांमागे फक्त एकाला कसला तरी उपचार मिळतो. बाकीचे सदतीस कुणाच्या तरी घरात आहेत.

त्या घरांसाठीही मिटिंग असते, हे फार कमी लोकांना माहीत आहे. बिल विल्सनची बायको लोइस हिने १९५१ मध्ये नातेवाइकांसाठी 'अल-अनॉन' सुरू केलं. मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी 'सहचरी' गट आहे. आमच्या वहिनी सुरुवातीला म्हणाल्या, "पितात ते, आणि मी कशाला जायचं?" मी त्यांना अशा एका मिटिंगला घेऊन गेले. तिथे एका बाईने सांगितलं, की नवरा सोबर होऊन वर्ष झालं तरी त्या अजून रात्री त्याच्या श्वासाचा वास घेतात. वहिनी खाली बघून रडायला लागल्या, कारण त्याही तेच करत होत्या. त्या दिवसापासून वहिनींनी दादाचे खिसे तपासणं सोडलं. पिणाऱ्या बायकांचा प्रश्न याहून अवघड. त्यांचं घर त्यांना डॉक्टरकडेही नेत नाही. पुरुषांनी भरलेल्या खोलीत त्यांना बोलता येत नसेल तर बायकांच्या किंवा मोबाइलवरच्या ऑनलाइन मिटिंगा आहेत. करोनापासून त्या खूप वाढल्या. इअरफोन लावून स्वयंपाकघरातूनही बसता येतं.

कुठून सुरुवात करायची हे कळत नसेल तर १४४४६ हा सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा टोल-फ्री नंबर आहे. मन खचलं असेल, झोप नसेल, जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील तर १४४१६, टेलि-मानस. सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचार विभागातही विचारता येतं.

आणि जवळ गटच नसेल तर? ए.ए.च्या परंपरेत याचं उत्तर आहे. दारूपासून दूर राहण्यासाठी दोन-तीन मद्यपी एकत्र बसले की तो गट झाला. अॅक्रनमध्ये दोघंच होते. हंगामात दादाला लांब जाता येत नाही, तेव्हा तो आणि दुसरा एक जण रविवारी सकाळी दादाच्या शेतावरच्या खोलीत बसतात. सुरुवातीचं वाचन करतात, आळीपाळीने बोलतात, चहा होतो. परवा तिसऱ्याने येतो म्हणून निरोप पाठवला. आता जागा बदलायला हवी, कारण त्याच्याकडे गाडी नाही आणि शेत आडबाजूला आहे. दादाचं म्हणणं, देवळाची ओवरी मागू, कोणी नाही म्हणणार नाही. मी शाळेच्या खोलीच्या बाजूची आहे. तिसरा गडी मुसलमान आहे, तो दादाच्या शब्दाखातर ओवरीत येईलही, पण त्याच्या ओळखीचा चौथा येणार नाही. शिवाय ओवरी रस्त्यावरून दिसते. शाळेच्या मुख्याध्यापकांना मी सोमवारी भेटणार आहे. भाडं किती म्हणतात ते बघू. ए.ए. कुणाकडून फुकट जागा घेत नाही, आपल्या थैलीतून भाडं देते. तिघांच्या थैलीतून ते निघायला हवं, एवढंच दादाने मला बजावलं आहे.